चिकन स्टॉक: पाय, मान की सांगाडा? आणि कुकर की पातेलं?

ठाण्यात काय आणि नवी मुंबईत काय, चिकनच्या बहुतेक दुकानांत कोंबडी सोलूनच देतात. पिसं आणि कातडी एकदमच निघून ड्रममध्ये जाते. स्टॉक, म्हणजे हाडं शिजवून गाळलेलं पाणी, करायचा असेल तर आधी हे ध्यानात घ्यावं, कारण स्टॉकच्या रेसिपी व्हिडिओंत दिसणारी कोंबडी बहुधा कातडीसकट असते. गार झाल्यावर स्टॉक जेलीसारखा धरतो तो कातडी, कूर्चा आणि शिरांजवळच्या चिवट पट्ट्यांतल्या कोलॅजन या प्रथिनामुळे. कातडी गेली की मान, पाठ, पंख यांतलं निम्मं बळ गेलंच. कातडी शाबूत राहते ती फक्त पायांची. त्यामुळे त्या व्हिडिओत पाय "असले तर घाला" असे असतात, आपल्याकडे जेलीसाठी ते मुख्य जिन्नस आहेत.

पण नुसत्या पायांचा स्टॉक करून पाहा: गार झाल्यावर सुरीने वड्या पडतील इतका घट्ट, आणि चवीला जवळजवळ काहीच नाही. पायाला मांसच नसतं, चव येणार कुठून? मानेचं उलट. मणक्यांच्या सांध्यांत बारीक बारीक मांस अडकलेलं असतं आणि ते भरपूर चव सोडतं, पण स्टॉक पाण्यासारखा वाहता राहतो. बोनलेस काढून उरलेला सांगाडा या दोन्हींच्या मधे बसतो. छातीच्या हाडाच्या टोकाला कूर्चा असते, बरगड्यांना थोडं मांस राहतं, आणि बोनलेस जास्त खपणाऱ्या दुकानात तो सगळ्यात स्वस्तात मिळतो.

एकच काहीतरी घ्यायचं झालं तर सांगाडा. सगळंच घेता येत असेल तर एक किलोत ७०० ग्रॅम मान आणि सांगाडा, ३०० ग्रॅम पाय. ३०० ग्रॅममध्ये बॉयलर कोंबड्यांचे साधारण सात-आठ पाय बसतात. पांढऱ्या रश्श्याला किंवा भाकरीबरोबर ओरपायच्या सूपला पाय अर्ध्यापर्यंत वाढवले तरी चालतात. पुलावासाठी मात्र कमीच ठेवा, नाहीतर भात गार झाल्यावर चिकटून त्याचा गोळा होतो. पंखांची टोकं मिळाली तर घ्यावीत, पण सोललेल्या पंखात फार काही उरत नाही. पेटा, म्हणजे कोंबडीचं जठर, चालतो. कलेजी अजिबात नको: स्टॉक करडा होतो आणि कडवटपणा येतो. डोकं साफ करण्याच्या खटपटीच्या मानाने देत काही नाही.

साफसफाईत सगळ्यात जास्त वेळ पायांना लागतो, आणि कंटाळा करून चालत नाही. पायावरचा पिवळा, खवल्यांचा पापुद्रा काढावाच लागतो. पाणी उकळून गॅस बंद करा, पाय त्यात २० ते ३० सेकंद बुडवा आणि लगेच गार पाण्यात टाका. पापुद्रा मोज्यासारखा सुटतो. जास्त वेळ ठेवलं तर खालची कातडी शिजते, पापुद्रा तिला चिकटून बसतो आणि मग तुकडे खरवडत बसावं लागतं. नखं पहिल्या पेरापासून उडवा. तळव्यावर काळा, कडक डाग असेल तर तो सुरीने खोलवर काढा. ओल्या भुशात उभं राहून झालेली ती जखम असते.

सांगाड्यात पाहायची जागा वेगळी. पाठीच्या आतल्या बाजूला बरगड्यांच्या खाचांत गुलाबी, स्पंजासारखं फुफ्फुस चिकटलेलं असतं, आणि खाली कमरेच्या खोबणीत गडद लाल मूत्रपिंड. दोन्ही अंगठ्याने किंवा चमच्याच्या टोकाने उकरून काढा. गढूळपणा आणि उग्र वास बहुतेक वेळा इथूनच येतो, आणि लोक उगीच आल्या-लसणाला दोष देतात. शेपटीचं टोक, जिथे तेलाची गाठ असते, तेही कापून टाका. दुकानात सांगाड्याचे जास्तीत जास्त दोनच तुकडे करायला सांगा. सुऱ्याने बारीक खांडला की हाडांच्या कपच्या होतात आणि त्या गाळणीतून खाली उतरतात.

कुकर आणि पातेलं यांत आमचा कौल रोजच्या घरासाठी कुकरला आहे. पातेल्यातला स्टॉक जास्त नितळ होतो, मध्येच चव पाहता येते, फेस काढता येतो. पण एक किलोला अडीच लिटर गार पाणी घालून चार तास मंद आचेवर ठेवायचं, पृष्ठभागावर अधूनमधून एखादाच बुडबुडा फुटेल इतक्याच आचेवर. त्या चार तासांत वास जिन्यापर्यंत जातो. शेजार शाकाहारी असेल तर हाही हिशेब धरावा लागतो. खळखळून उकळलं तर चरबी फुटून पाण्यात मिसळते आणि स्टॉक दुधाळ होतो. पाय सहा तासांपुढे गेले की त्यांचा लगदा होतो.

पाच लिटरच्या कुकरमध्ये एक किलोला दीड लिटरच पाणी, आणि कुकर दोन-तृतीयांशापेक्षा जास्त भरायचा नाही. पहिली शिट्टी होऊ द्या, मग सगळ्यात लहान बर्नरवर आच अगदी बारीक करून ४५ मिनिटं. पुन्हा शिट्टी होता कामा नये. गाडी नेमकी इथे घसरते: डाळीच्या सवयीने लोक सात-आठ शिट्ट्या काढतात. प्रत्येक शिट्टीला आतला दाब एकदम उतरतो, पाणी जोरात उसळतं आणि चरबी ढवळली जाते. शिट्टी उचलून वाफ काढली तरी तेच होतं, तेव्हा कुकर आपोआप उतरू द्या. गावठी किंवा अंडी देऊन थकलेली इंग्लिश कोंबडी असेल तर सव्वा तास. तिचा वेळ वसूल होतो, चव बॉयलरपेक्षा कितीतरी गडद येते.

कुकरमध्ये फेस काढायची सोय नाही, म्हणून आधी एक उकळी सक्तीची. सगळं गार पाण्यात घालून तीन-चार मिनिटं उकळा, ते पाणी ओतून द्या, तुकडे आणि भांडं धुऊन मग खऱ्या पाण्यात लावा. त्याबरोबर एक कांदा, आल्याचा इंचभर तुकडा, दहा-बारा मिरे, एक तमालपत्र. हळद आणि मीठ नंतर, वापरताना. आधीच मीठ घातलं तर स्टॉक आटवल्यावर खारट होतो. व्हिनेगर घालून हाडांतलं कॅल्शियम उतरवायच्या फंदात पडू नका. उतरतं ते नगण्य आणि आंबट चव मात्र राहते.

जेली धरत नाही ही तक्रार बहुतेक वेळा जास्तीच्या पाण्याची असते. स्टीलच्या ताटलीत चमचाभर घालून दहा मिनिटं फ्रीजमध्ये ठेवा. ताटली तिरकी केल्यावर सुळकन वाहिला तर उघड्या पातेल्यात पाव भाग आटवा.

गार करणं इथल्या दमट हवेत ढकलून चालत नाही. ओट्यावर रात्रभर ठेवलेलं पातेलं सकाळी आंबूस लागलं नाही तरी ते उकळून वाचत नाही, टाकायचंच. गाळून झाल्यावर भांडं सिंकमध्ये पाणी आणि बर्फात ठेवून ढवळा, आणि दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये टाका. वर चरबीचा थर जमतो. वापरेपर्यंत तो तसाच राहू द्या, नंतर त्यातच लसणाची फोडणी करा. फ्रीजमध्ये तीन दिवस. त्यापुढे बर्फाच्या ट्रेमध्ये किंवा पाव लिटरच्या डब्यांत फ्रीझर, म्हणजे दोन-तीन महिने.

खरेदीला बुधवारची सकाळ बरी. रविवारी आणि गटारीच्या गर्दीत पाय बाजूला काढायला कोणाला सवड नसते, आदल्या दिवशी सांगून ठेवावं लागतं. उरलेली हाडं पिशवीत बांधून कचऱ्याची गाडी येईपर्यंत फ्रीझरमध्ये ठेवा आणि ओल्या कचऱ्यात द्या. खालच्या कुत्र्यांना घालू नका, शिजलेलं हाड टोकदार फुटतं.