कोळशाचं वजन: ड्राफ्ट सर्व्हे की बेल्ट वेअर?

जहाजातून उतरलेला कोळसा नेमका किती, यावर पोलाद कारखाना आणि पुरवठादार यांचा हिशोब ठरतो. मोजायचे मुख्य मार्ग दोन.

ड्राफ्ट सर्व्हेत जहाजच तराजू होतं. जहाज पाण्यात किती खोल बुडालंय (हाच ड्राफ्ट) ते पुढे, मध्ये आणि मागे, दोन्ही बाजूंचे मिळून सहा आकडे वाचायचे, पाण्याची घनता हायड्रोमीटरने घ्यायची, त्यावरून विस्थापन, म्हणजे जहाजाचं मालासकट वजन काढायचं, मग बॅलास्ट (तोल राखायला भरलेलं पाणी), इंधन, गोडं पाणी वजा करायचं; उतरवण्याआधीच्या आणि नंतरच्या आकड्यांतला फरक म्हणजे कोळसा. चूक कुठे होते? लाटांत आकडा वाचताना तर होतेच, पण खरा घात घनतेत असतो. खाडीच्या तोंडाशी पाणी 1.025 ऐवजी 1.020 असलं आणि ते लक्षात आलं नाही, तर 60,000 टन विस्थापनावर सुमारे 300 टनांचा फरक पडतो. म्हणून नमुना एकाच खोलीवरून घेणारा सर्व्हेअर मला पटत नाही. सगळं नीट केलं तरी अर्धा टक्का इकडे-तिकडे धरून चालतात.

बेल्ट वेअर (पट्ट्यावरचा वजनकाटा) म्हणजे कन्व्हेयरखालचे लोडसेल (भार मोजणारे सेन्सर) आणि पट्ट्याचा वेग मोजणारा सेन्सर. नीट कॅलिब्रेट केलेला असेल तर तो अधिक अचूक, आणि आकडा चालू कामातच मिळतो. पण पट्ट्याला ओला चुरा चिकटला की शून्य सरकतं आणि कोणाला कळतही नाही.

दोन पक्षांत तंटा व्हायची शक्यता असेल तर मी ड्राफ्ट सर्व्हे निवडेन, कारण दोघांचे सर्व्हेअर तेच आकडे शेजारी उभे राहून वाचू शकतात. रोजच्या साठ्याच्या हिशोबाला बेल्ट पुरे, मात्र प्रत्येक पाळीआधी रिकामा पट्टा फिरवून शून्य तपासायचं.