टँग नॅनो ९के आणि एडी९२२६ : आठ महिने शेतात वापरल्यावर

वरुड तालुक्यात माझं मोटार दुरुस्तीचं दुकान आहे. संत्र्याचा पट्टा, पाणी खोल गेलेलं. ६०० फुटांच्या बोअरचं इथे कोणाला नवल नाही. मोटार बंद पडली की पहिला प्रश्न एकच, दोष वर की खाली? खाली म्हटलं की चेन-पुली लावा, चार माणसं बोलवा, एकेक पाइप उकला. आणि कितीदा तरी मोटार वर आल्यावर कळतं की ती ठणठणीत आहे, केबल धुऱ्याखालीच तुटली होती. शेतकऱ्याचा तो खर्च माझ्या डोळ्यांसमोर जातो. म्हणून केबलमध्ये विजेचा एक ठोका सोडून त्याचा प्रतिध्वनी किती वेळात परत येतो ते मोजायचं ठरवलं. यालाच टीडीआर (टाइम डोमेन रिफ्लेक्टोमीटरी) म्हणतात.

केबलमधून ठोका नॅनोसेकंदाला साधारण १८ सेंटिमीटर जातो. परत येणारं व्होल्टेज सेकंदाला ५ कोटी वेळा मोजलं, म्हणजे तेवढे नमुने घेतले, तर दोन नमुन्यांत २० नॅनोसेकंदांचं अंतर पडतं. जाणं-येणं धरून केबलवर ते १.८ मीटर होतं. खड्डा खणायला एवढी अचूकता पुरते. व्होल्टेजचे आकडे करणारे महागडे वेगवान कन्व्हर्टर जेईएसडी२०४बी या सिरियल पद्धतीने डेटा देतात. त्यासाठी एफपीजीएत (हवं तसं सर्किट आत बसवता येणाऱ्या चिपमध्ये) वेगवान सिरियल डेटा घेणारे ट्रान्सीव्हर लागतात, आणि तसे बोर्ड माझ्या आवाक्याबाहेरचे. एडी९२२६ हा १२ बिटांचा, ६५ एमएसपीएसचा (सेकंदाला साडेसहा कोटी नमुन्यांचा) कन्व्हर्टर. बारा तारांवर सरळ समांतर डेटा देतो. त्याचं तयार मॉड्यूल आणि टँग नॅनो ९के हा छोटा एफपीजीए बोर्ड मिळून साडेचार हजारांच्या आत बसलं.

पहिला महिना मात्र वाया गेला. टँग नॅनोवरच्या काही पिना १.८ व्होल्टच्या बँकेत (पिनांच्या गटात) आहेत. मी स्किमॅटिक न बघता तिथे ३.३ व्होल्टच्या तारा जोडल्या आणि एक पिन गेली. दुसरा घोळ बिटांच्या क्रमाचा. या चिपच्या डेटाशीटमध्ये बिट १ म्हणजे सर्वांत मोठा आणि बिट १२ सर्वांत लहान. आपल्या डोक्यात नेमकं उलट बसलेलं असतं. मी उलट जोडलं, तर साधी साइन लहर काटेरी बाभळीसारखी दिसली. चिप खराब आली म्हणून विक्रेत्याला परत पाठवायला निघालो होतो.

तिसरी अडचण सर्वांत चिवट निघाली. २० सेंटिमीटरच्या जंपर तारा लावल्या होत्या. लहर शून्य व्होल्ट ओलांडताना मधेच भलताच आकडा यायचा. कारण तिथेच २०४७ वरून २०४८ वर जाताना बाराही बिट एकदम उलटतात, आणि एकाच ग्राउंड तारेवरून एवढा प्रवाह धावला की ग्राउंडच उसळतं. मग तारा ५ सेंटिमीटरच्या केल्या, पट्टी केबल घेऊन एकाआड एक तार ग्राउंडची ठेवली, प्रत्येक डेटा तारेत ४७ ओहमचा रोध घातला आणि डेटा नमुन्यांची वेळ ठरवणाऱ्या घड्याळ-सिग्नलच्या उलट्या कडेवर पकडला. भलते आकडे थांबले. खर्च शंभराच्या आसपास. तुमच्याकडे थोडेच पैसे उरले असतील तर आणखी वेगवान चिपच्या मागे लागू नका, ते इथे घाला.

घड्याळाचंही तसंच. १० मेगाहर्ट्झच्या सिग्नलवर घड्याळ १०० पिकोसेकंद थरथरलं तर सिग्नल आणि गोंगाटाचं गुणोत्तर ४४ डेसिबलवर येतं, म्हणजे १२ बिटांतले जेमतेम ७ कामाचे राहतात. म्हणून एफपीजीएतल्या पीएलएलच्या (घड्याळ बनवणाऱ्या सर्किटच्या) भरवशावर न राहता ५० मेगाहर्ट्झचा सुटा ऑसिलेटर लावला आणि त्यातूनच कन्व्हर्टर आणि एफपीजीए दोघांना घड्याळ दिलं.

डेटा लॅपटॉपवर नेण्याची लोक फार चिंता करतात. सलग न्यायचा तर सेकंदाला ६० कोटी बिट होतात, साधं यूएसबी २.० तिथे पुरत नाही. पण २०० मीटर केबलचा प्रतिध्वनी सव्वादोन मायक्रोसेकंदांत परत येतो. ५१२ नमुने आतल्या मेमरीत धरले, २५६ ठोक्यांची सरासरी तिथेच काढली की गोंगाट १६ पटीने उतरतो. मग निवांत सिरियलने पाठवा.

जानेवारीत एका काकांच्या बागेत खरी परीक्षा झाली. त्याआधी १०० मीटर नवी केबल धुऱ्यावर सरळ पसरून वेग मोजून ठेवला होता. फ्यूज काढले, स्टार्टरपासून केबल सोडवली, ठोका सोडला. आलेखात उंचवटा आला ३६ व्या नमुन्यापाशी, म्हणजे सुमारे ६५ मीटरवर. बोअर होता ९० मीटरवर. काका म्हणाले, "काय गा, मशीननं काय सांगतलं? मोटर काढा लागते का?" म्हटलं, "नाही काका, आधी इथे खणून पाहू." दोन फुटांवर जुना जॉइंट निघाला, पार ओढून तुटलेला. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते तेव्हा केबललाही सोबत ओढते. काका कितीतरी वेळ ती तुटकी टोकं हातात धरून बसले होते.

मर्यादाही सांगतो. इन्सुलेशन नुसतं ओलावलंय, मेगर (इन्सुलेशन तपासायचं यंत्र) काही लाख ओहम दाखवतंय, असा दोष यात दिसत नाही. तिथे मेगरच लागतं. मोटारचं वाइंडिंग ठोक्याला जवळपास तुटलेल्या टोकासारखंच भासतं, म्हणून केबलची एकूण लांबी आधी विचारून घ्यावी. केबल पाण्यात शिरते तिथे आलेखात छोटा खड्डा येतो, तोही पहिल्यांदा मला दोषच वाटला होता.

मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये चिपला बोट लावलं तर चटका बसायचा. शून्याची रेघ सरकायची, म्हणून आता प्रत्येक मोजणीआधी ती नव्याने घेतो. वीज पॉवरबँकवरून देतो आणि मोजताना लॅपटॉपचा चार्जर काढून ठेवतो. चार्जर लावला की आलेखावर बारीक केस उगवतात. सध्या ठोका ५-५ नॅनोसेकंदांनी मागेपुढे सरकवून ४५ सेंटिमीटरपर्यंत पोचायचा प्रयत्न चालू आहे. चारपैकी तीन टप्पे नीट जुळले आहेत, चौथा अजून हलतो.