जुन्या बाजारातलं पोलाद: कोरीवकामाच्या हत्यारांसाठी काय घ्यावं, काय सोडावं

पुण्यात मंगळवार पेठेत बुधवारी आणि रविवारी भरणारा जुना बाजार कोरीवकाम करणाऱ्यांसाठी कामाचा आहे. मात्र विक्रेत्याच्या सांगण्यावर जाऊ नका, तिथे प्रत्येक तुकडा ‘ओरिजिनल’च असतो. सोबत एक बारीक दातांची चांगली कानस न्या आणि मालाच्या कोपऱ्यावर घासून पाहा. चावली तर मऊ, घसरली तर कडक. लोहचुंबकाचा फारसा उपयोग नाही. साधं लोखंडही त्याला चिकटतंच.

सगळ्यात खात्रीचा माल म्हणजे जुन्या, जड कानशी. साधारण १ टक्का किंवा त्याहून जास्त कार्बन असतो. हलक्या, स्वस्त कानशीत मात्र वरची साल तेवढी कडक असते. दात घासून काढल्यावर आतल्या भागावर दुसरी कानस चालली, तर ती बाद. चांगली निघाली तरी तशीच वापरू नका, धार काचेसारखी तुटते. ओव्हनमध्ये २००-२२० अंशांवर तासभर, असं दोनदा तापवा. दातांच्या खाचा मुळापर्यंत घासून काढा. राहिलेल्या खाचेतूनच तडा जातो.

पॉवर हॅकसॉचं (धातू कापायच्या यांत्रिक करवतीचं) ब्लेड पूर्ण एचएसएसचं, म्हणजे हाय-स्पीड स्टीलचं मिळालं तर सोडू नका. छोट्या सुरीसाठी उत्तम, ग्राइंडरवर निळं पडलं तरी कडकपणा जात नाही. फक्त घरच्या भट्टीत घडवायच्या फंदात पडू नका. बायमेटल, म्हणजे दोन धातू जोडून केलेल्या ब्लेडला कडक पोलाद दातांच्या कडेलाच असतं, पाठ घासून सुरी केलीत तर धार टिकणार नाही.

बारीक गोल पटाशीसाठी जुन्या छत्रीच्या पन्हळी काड्या घ्या, आकार आयताच मिळतो. सगळ्याच पोलादी नसतात. टोक लाल करून पाण्यात बुडवा आणि पक्कडीने वाकवा: कट्कन तुटली तर घ्या, वाकली तर छत्रीवाल्याला परत. काँक्रीटचे खिळेही चालतात, पण जस्ताचा मुलामा आधी काढा, तापवल्यावर त्याचा धूर बाधतो. ट्रकचे पाटे छोट्या हत्यारांना जाड पडतात, शिवाय वापरून थकलेल्या पाट्यात न दिसणाऱ्या चिरा असतात. सळई तर घेऊच नका.

घरी आणल्यावर ग्राइंडरवर ठिणगी पाहा, शेजारी ओळखीचा खिळा आणि चांगली कानस ठेवून. साध्या लोखंडाच्या ठिणग्या लांब, सरळ, फाटे थोडे. जास्त कार्बन असेल तर आखूड आणि दाट फुलबाजा. एचएसएसची ठिणगी मंद, तांबूस, जवळपास न फुटणारी. शंका उरली तर टोक चुंबक सोडेपर्यंत तापवा, जरा पुढे नेऊन कोमट तेलात बुडवा आणि तोडा. तुटलेला भाग राखाडी, मखमली दिसला तर माल चांगला आणि ताव बरोबर. चकाकणारे मोठे दाणे दिसले तर ताव जास्त झाला. पोलादाला दोष देण्याआधी दुसरं टोक कमी तापवून पाहा.