लहानग्याचा खोकला हटेना: मध, सिरप, वाफ, पंप की थेट डॉक्टर?

पाऊस धरला की गोव्यातल्या घरांत दोन गोष्टी काही केल्या सुकत नाहीत, कपडे आणि पोरांची नाकं. मागोमाग खोकला येतोच. साध्या सर्दीचा खोकला तीन आठवडेही रेंगाळतो, दहाव्या दिवशी जवळपास निम्मी मुलं खोकतच असतात. म्हणून ‘आठवडा झाला, अजून हटत नाही’ एवढ्यावरून औषध बदलत बसू नये. आधी मुलाचं वय बघायचं, मग श्वास.

मध की सिरप? वर्ष पूर्ण झालं असेल तर मी डोळे मिटून मधाच्या बाजूने. झोपताना अर्धा ते एक चमचा. रात्रीचा खोकला त्याने हलका होतो, असं अभ्यासांत दिसलं आहे. सिरपबद्दल तेवढं ठामपणे बोलता येत नाही. वर्षाच्या आतल्या बाळाला मात्र मधाचं बोटही चाटवू नये, मग आजी कितीही रुसो. मधात बोट्युलिझमच्या जिवाणूंचे बीजाणू असू शकतात. ते बाळाच्या आतड्यात वाढून विष तयार करतात आणि बाळ लुळं पडतं. अंगावरचं दूध, तेही थोडं थोडं पण वारंवार, हेच त्या वयाचं औषध.

सिरपचं आकर्षण मला कळतं: मूल झोपतं. पण ते झोपतं गुंगीमुळे, खोकला बरा झाला म्हणून नव्हे. २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात खोकल्याच्या सिरपने मूत्रपिंडं निकामी होऊन लहान मुलं दगावली, त्या सिरपमध्ये डायइथिलीन ग्लायकोल हे विषारी रसायन सापडलं. त्यानंतर केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयाने बजावलं, की दोन वर्षांखाली खोकल्या-सर्दीची औषधं देऊ नयेत आणि पाच वर्षांखालीही साधारणपणे टाळावीत. त्याआधी, डिसेंबर २०२३ मध्येच, क्लोरफेनिरामाइन आणि फेनिलेफ्रिन या सर्दीवरच्या दोन औषधांचं मिश्रण चार वर्षांखालच्या मुलांना नको, असा आदेश निघाला होता. तरी मोठ्याची उरलेली बाटली धाकट्याला ‘अर्ध्या मापाने’ पाजली जातेच. फार्मसीत ‘सुक्या खोकल्याचं काहीतरी द्या’ म्हणून मागणंही त्यातलंच.

वाफ की नाकात थेंब? थेंब. पातेल्यातल्या उकळत्या पाण्यावर डोकं धरलेलं मूल हलतं, आणि खोकल्याऐवजी भाजल्याची जखम घेऊन इस्पितळात जावं लागतं. छोट्या बाळांना खोकला बऱ्याचदा येतो तो नाकातला शेंबूड घशात उतरून. बाळाला उताणं झोपवून प्रत्येक नाकपुडीत सलाईनचे (नाकासाठीच्या निर्जंतुक खारट पाण्याचे) दोन थेंब टाका, मिनिटभर थांबा, बाहेर येईल ते मऊ कापडाने टिपा. हे दूध पाजण्याआधी करायचं, नंतर केलं तर सगळं ओकून निघेल. कापूर घातलेलं तेल छातीला चोळणं, फेणीचे थेंब अंगाला लावणं किंवा जिभेवर ठेवणं, हे दोन्ही बंद. कापराने बाळाला झटके येऊ शकतात, आणि फेणीचं तर सांगायलाच नको.

दमट भिंतीवरची बुरशी, डासांची कॉइल, अगरबत्ती, घरात ओढलेली सिगरेट, हे असताना कुठलाही उपाय अर्धाच चालतो. दिवाळीत नरकासुर दहनाच्या पहाटे, त्या धुरात, खोकणाऱ्या पोराला घरातच ठेवलेलं बरं.

खोकला रात्री, पळाल्यावर किंवा खळखळून हसल्यावर वाढत असेल आणि डॉक्टरांनी दमा म्हटलं असेल, तर पुढचा प्रश्न: नेब्युलायझर (औषधाची वाफ करणारं विजेचं मशीन) की स्पेसर (फवारा धरून ठेवणारी नळी) लावलेला पंप, म्हणजे इन्हेलर? सौम्य-मध्यम त्रासात मास्कवाला स्पेसर तितकाच काम करतो, वीज गेली तरी चालतो. ‘पंपाची सवय लागते’ ही निव्वळ भीती. पंपाच्या एका फवाऱ्यात १०० मायक्रोग्रॅम साल्ब्युटामॉल (श्वासनळ्या मोकळ्या करणारं औषध) असतं. त्याच औषधाच्या नेहमीच्या सिरपमध्ये पाच मिलिलिटरला २ मिलिग्रॅम, म्हणजे वीसपट. मग भिण्यासारखं काय, ते तुम्हीच ठरवा. शेजारणीचं मशीन आणून तिच्या मुलाचं औषध मात्र त्यात घालू नका.

आता डॉक्टरांकडे केव्हा. मूल शांत असताना पोट पूर्ण एक मिनिट बघून श्वास मोजा. दोन महिन्यांखाली ६० किंवा जास्त, वर्षाच्या आत ५०, पाच वर्षांपर्यंत ४०, असं आलं तर त्याच दिवशी. फासळ्यांखाली खड्डे पडत असतील, ओठ निळे दिसत असतील, बाळ दूध ओढत नसेल, तर १०८ ला फोन करा आणि सरळ बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज किंवा जवळचं जिल्हा इस्पितळ गाठा. तीन महिन्यांखालच्या बाळाचा खोकला घरी बघत बसायचा नसतो. डांग्या खोकल्यात इतक्या लहान बाळाला ढास येण्याऐवजी श्वासच थांबू शकतो. सहा, दहा, चौदा आठवड्यांच्या लशी चुकल्या असतील तर ते आपणहून सांगा. जत्रेत शेंगदाणे-चणे खाताना एकदम ठसका लागून सुरू झालेला खोकला थांबला तरी दाखवा, दाणा श्वासनळीत अडकलेला असू शकतो. दोन आठवडे खोकला, सोबत ताप, वजन वाढत नाही, घरात कुणाला टीबी, तर तपासणी लांबवू नका. आणि बाकी सगळं ठीक असूनही चार आठवडे उलटले, तर दाखवायचंच.

जाताना आतापर्यंत दिलेल्या सगळ्या बाटल्या पिशवीत घ्या. रात्रीच्या खोकल्याचा मोबाइलवर व्हिडिओ काढून ठेवा, कारण सकाळी डॉक्टरांसमोर पोर हमखास एकदाही खोकत नाही.