पक्कडवालं टूल की लाल चाकू: नागपुरात राहणाऱ्यानं काय घ्यावं?

मल्टिटूल (पक्कड, पातं, पेचकस अशी अनेक हत्यारं दुमडून एकात बसवलेली वस्तू) घ्यायला निघालेला माणूस दुकानात पहिलं विचारतो, "यात टूलं किती आहेत?" दुकानदारही मग डब्यावरचा आकडा दाखवून मोकळा होतो. माझ्या मते विचारायचं ते वेगळंच आहे. तुमच्या हाताला पक्कड किती वेळा लागते? आठवड्यातून एकदा तरी लागत असेल तर पक्कडवाली टूलं बनवणाऱ्या लेदरमन या अमेरिकन कंपनीच्या रांगेत उभं राहा. महिनोन्‌महिने लागत नसेल तर व्हिक्टोरिनॉक्स या स्विस कंपनीचा लाल चाकू घ्या आणि उरलेल्या पैशात रामटेकला दोन चकरा मारून या.

समोरासमोर ठेवतोय ती मॉडेलं अशी. पक्कडवाल्यांत लेदरमन वेव्ह प्लस आणि व्हिक्टोरिनॉक्सचंच स्विसटूल स्पिरिट. चाकूवाल्यांत व्हिक्टोरिनॉक्स हंट्समन आणि त्याचा सख्खा भाऊ फील्डमास्टर. स्विस कंपनी १८८४ची, लेदरमन १९८३ची. टिम लेदरमन हा अमेरिकन माणूस १९७५मध्ये जुनाट फियाट घेऊन युरोपात हिंडत होता. गाडी दुरुस्त करताना खिशातल्या चाकूला पक्कड नाही याचा वैताग आला आणि त्यातून हे टूल निघालं. म्हणजे दोघांतला हा फरक जन्मापासूनचा आहे.

आधी त्या आकड्याचा निकाल लावू. वेव्ह प्लसमध्ये १८ टूलं म्हणतात. त्यात पक्कडीचं तोंड एकटंच पाच ठिकाणी मोजलेलं आहे: निमुळतं टोक, साधी पकड, तार कापायचं कटर, कडक तारेचं कटर, क्रिंपर (तारेच्या टोकावर जोडणी दाबून बसवायची खाच). हँडलवर कोरलेली मोजपट्टीही एक टूल. हंट्समनच्या १५मध्ये टूथपिक, चिमटा आणि किल्लीची कडी धरलेली आहे. खोटं कोणीच बोलत नाही, पण या आकड्यावरून निवड करू नये.

आता कामं बघू, आणि नागपुरात काम म्हटलं की कूलर आलाच. मार्च सरता सरता घरोघरी कूलर उतरतात. जाळीतलं जुनं गवत काढा, नवं भरा, गंजलेली बाइंडिंग तार तोडून नवी पिळा, पंपाच्या पाइपावरची क्लिप आवळा. इथे वेव्ह प्लस खरं पैसे वसूल करतं. निमुळत्या टोकात तारेची दोन्ही टोकं धरून दोन पीळ दिले आणि तिथेच मुळाशी कापली, काम झालं. त्याचं कटर वेगळ्या तुकड्यांचं असतं, स्क्रूनं बसवलेलं. धार गेली, खाच पडली तर तेवढंच बदलता येतं. स्पिरिटमध्ये ही सोय नाही, पण त्याचं हँडल बाहेरून गोलसर आहे. वेव्हचं हँडल पोकळ आहे आणि जोर लावला की कडा तळहाताला टोचतात. दहा-बारा ठिकाणी तार पिळायची असेल तर हा फरक संध्याकाळी हात सांगतो. हंट्समन या कामात जवळजवळ प्रेक्षकच.

स्क्रूचं गणित थोडं निराळं. कूलरला, मिक्सरला, स्विचबोर्डाला, मुलांच्या खेळण्यांना बहुतेक स्टारचेच स्क्रू असतात, म्हणजे फुलीचे. वेव्हमध्ये त्यासाठी बदलायची चपटी बिट, म्हणजे पेचकसाचं सुटं टोक, येते. ही चपटी बिट फक्त लेदरमनची. बाजारात मिळणारी साधी षटकोनी बिट त्यात थेट बसत नाही, वेगळा अडॅप्टर घ्यावा लागतो. ती बिट गच्चीवर घरंगळून शेजाऱ्याच्या अंगणात गेली तर इतवारीचा बाजार पालथा घालूनही तशी दुसरी मिळायची आशा धरू नका. स्पिरिटचा स्टार पेचकस अंगालाच जोडलेला, हरवायची भानगड नाही. हंट्समनमध्ये स्टार पेचकसच नाही, त्या जागी बुचाचा पीळदार स्क्रू आहे, वाइनच्या बाटलीसाठी. फील्डमास्टर म्हणजे नेमका हाच चाकू, फक्त पीळदार स्क्रूऐवजी स्टार पेचकस. आपल्याकडे कोणता जास्त लागतो हे सांगायला नको. दुकानदार हंट्समन पुढे करेल, कारण नाव तेच जास्त चालतं. तुम्ही फील्डमास्टर मागा. खोल कोपऱ्यातला स्क्रू मात्र या चौघांपैकी कोणालाच दाद देत नाही, कारण टूलचं जाड अंग बाजूच्या पत्र्याला अडतं. त्याला लांब दांड्याचा पेचकसच हवा.

आणि एक गोष्ट जरा दटावूनच सांगतो. या पक्कडवाल्या मल्टिटूलांचं हँडल उघडं स्टील आहे. आपल्या विदर्भात दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून माणसं जातात. प्लग काढल्याशिवाय कूलरला हात लावायचा नाही, आणि विजेच्या तारेचं काम प्लास्टिकचं आवरण असलेल्या साध्या पक्कडीनंच करायचं. नाशिकच्या तापरियाची पक्कड कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळते आणि ती वेव्हच्या किमतीच्या छोट्याशा तुकड्यात येते. घरापुरतंच काम असेल तर खरं सांगायचं तर तीच घ्या, मल्टिटूलच्या नादी लागूच नका.

रानात, तळ्यावर गेलं की पारडं फिरतं. खिंडसीच्या काठावर चूल मांडली, कांदा आणि सांबार चिरायचा आहे. (पुण्या-मुंबईकडच्या वाचकांसाठी: सांबार म्हणजे कोथिंबीर.) लाल चाकूचं मोठं पातं पातळ घासलेलं असतं, कांद्यातून सरळ उतरतं. वेव्हचं पातं मजबूत आहे, पण जाडसर; कांदा चिरण्यापेक्षा फोडल्यासारखा होतो. शिवाय पात्याच्या बिजागरीत कांद्याचा रस आणि सांबाराची पानं जाऊन बसतात. दोन दिवसांनी उघडलं की वास नाकात जातो आणि पातं अडखळतं. लाल चाकूतही घाण जाते, पण कोमट पाण्यात उघडझाप केली की निघते. वेव्हच्या हँडलच्या आत एकमेकांना चिकटून बसलेली टूलं धुणं हा एक वेगळा कार्यक्रम आहे.

कात्री हे सगळ्यात कमी चर्चेचं आणि सगळ्यात जास्त वापरलं जाणारं टूल. पार्सलची पट्टी, गोळ्यांचं पाकीट, पायाच्या फोडावर लावायची चिकटपट्टी, बॅगेचा लोंबणारा धागा. लाल चाकूची कात्री नखानं ओढली की हातात. वेव्हची कात्री हँडलच्या पोटात. आधी पक्कड उघडायची, मग नखानं कात्री उकरायची, हँडल परत जुळवायचं. स्पिरिटमध्ये सगळी टूलं बाहेरूनच निघतात, त्यामुळे हा त्रास नाही. पण एका हातानं पातं उघडायचं म्हटलं तर वेव्हच बरं. त्याच्या पात्याला अंगठ्यासाठी छिद्र आहे. एका हातात दोरी धरली असेल तेव्हा ते कळतं.

सुरक्षेचं एक. वेव्ह आणि स्पिरिट दोन्हींची पाती उघडल्यावर लॉक होतात. हंट्समन-फील्डमास्टरच्या पात्याला लॉक नाही, फक्त स्प्रिंगचा ताण. टोकानं भोक पाडायला जोर लावलात तर पातं बोटावर मिटू शकतं. लहान मुलाच्या हातात द्यायचा विचार असेल तर हे आधी शिकवा.

काटोल, नरखेडकडे संत्र्याची बाग असलेल्यांना लाल चाकूची करवत आवडेल. अंगठ्याएवढी सल (वाळलेली फांदी) काढायला ती झकास आहे, दात बारीक आणि तिखट. बागेचं मुख्य काम मात्र छाटणीची कात्री आणि आरीचंच; चाकूची करवत ही बांधावरून फिरता फिरता दिसलेल्या एखाद्या वाळल्या फांदीपुरती. आणि एका झाडावरून दुसऱ्या झाडाकडे जाताना पातं निर्जंतुक करा, कापल्या जागी बोर्डोमलम (बुरशी रोखणारा लेप) लावा. हे बागाईतदाराला मी काय सांगणार, पण शहरातून शनिवारी बागेत जाणाऱ्या जावयांना सांगावं लागतं.

आता पेंच, ताडोबा, उमरेड-कऱ्हांडला. इथे "कोणतं मल्टिटूल न्यावं" याचं उत्तर "पात्याचं कुठलंच नको" असं आहे. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शस्त्राच्या व्याख्येत चाकूही येतो आणि कलम ३१प्रमाणे लेखी परवानगीशिवाय अभयारण्यात शस्त्र नेता येत नाही. पेंचच्या सिल्लारी गेटवर तुमची बॅग कोणी उघडेल न उघडेल, पण ते धरून चालू नका. जिप्सीत बसून चाकू लागणार तरी कशाला? खोलीवर ठेवून जा. कायम सोबत काहीतरी लागतंच असा स्वभाव असेल तर व्हिक्टोरिनॉक्सचं बिनपात्याचं जेटसेटर नावाचं छोटं टूल आहे, ५८ मिलिमीटरचं. त्यात कात्री आहे, पातं नाही. विमानतळावरही तेच: सोनेगावहून उडताना पात्याचं टूल हातातल्या बॅगेत ठेवलं तर ते तिथेच राहील. चेक-इन सामानात टाका.

सायकलवाल्यांची गोष्ट थोडक्यात. पहाटे रामटेककडे पन्नासेक किलोमीटर जाणाऱ्याला वेव्हही नको आणि लाल चाकूही नको. सायकलला लागते ४, ५ आणि ६ मिलिमीटरची अ‍ॅलन की, डिस्क ब्रेक असेल तर टॉर्क्स २५ (सहा टोकांच्या चांदणीची किल्ली), आणि चेन तोडायचं टूल. वरच्या चार मॉडेलांसोबत यातलं काही येत नाही. सायकलचं वेगळं मल्टिटूल घ्या, स्वस्तही पडतं. स्कूटर-मोटरसायकलचंही तसंच. १० नंबरचा नट पक्कडीनं फिरवला की त्याच्या कडा मरतात, आणि मग मिस्त्री विचारतो, "काहून जी, पाना नव्हता का घरी?" पक्कडवालं टूल रस्त्यात अडकलेली केबल ओढायला, वाकलेला लिव्हर सरळ करायला ठीक. नटबोल्टासाठी पाना तो पाना.

वजनाकडे लोक दुर्लक्ष करतात. वेव्ह प्लस २४१ ग्रॅमचं, स्पिरिट २०० ग्रॅमच्या थोडं वर, हंट्समन-फील्डमास्टर १०० ग्रॅमच्या आतबाहेर. पँटच्या खिशात पाव किलो लोखंड घेऊन बर्डीच्या गर्दीत फिरून बघा. चार दिवसांनी ते टूल गाडीच्या डिक्कीत जातं, आणि मे महिन्यात दुपारी डिक्की उघडून त्याला हात लावायची सोय नसते. वेव्ह घ्यायचं तर ते बॅगेत किंवा पट्ट्याच्या पाऊचमध्ये राहणार हे धरूनच घ्या. पक्कड हवी पण वजन नको, अशांसाठी लेदरमनचं स्केलेटूल आहे, १४२ ग्रॅमचं. पक्कड, पातं, बिट, बाटली उघडायची कडी, बस. कात्री नाही, करवत नाही, कानस नाही. कात्रीशिवाय मला ते अर्धवट वाटतं. केबलवाले मात्र ते आनंदानं वापरतील.

किंमत वर-खाली होत राहते, म्हणून आकडे देत नाही. ढोबळ मानानं वेव्ह प्लस आणि स्पिरिट पाच आकड्यांत, लाल चाकू चार आकड्यांत, आणि फुटपाथवरचं बिननावाचं चायना टूल काही शेकड्यांत. ते शेकड्यातलं टूल वाईटच असतं असं नाही, बाटली उघडेल, दोरा कापेल. पण त्याच्या पक्कडीत जाड तार धरून जोर लावा, बिजागरीत डुगडुग सुरू होते आणि जबड्याची टोकं एकमेकांना चुकतात. वर्षभर पक्कड लागते का हेच अजून ठरत नसेल तर पहिलं टूल तेच घ्यायला हरकत नाही. किती वेळा हात गेला हे तरी कळेल.

लेदरमनची हमी २५ वर्षांची; व्हिक्टोरिनॉक्सची, माल आणि बनावटीतल्या दोषांसाठी, आयुष्यभराची. दोन्हींच्या नकला ऑनलाइन भरपूर फिरतात, त्यामुळे अर्ध्या किमतीत "ओरिजिनल" दिसलं की हात आखडता घ्या. बिल आणि विक्रेता नीट नसेल तर त्या हमीचा कागद फुकाचा.

शक्य असेल तर दुकानात हातात घेऊनच ठरवा. प्रत्येक टूल एकदा उघडा. नवा लाल चाकू कडक असतो, नख दुखतं, ते चालतं. पातं उघडल्यावर बाजूला हललं तर ते चालत नाही. पक्कड मिटून दिव्याकडे धरा, टोकाशी फट दिसते का बघा. मग मूठ घट्ट आवळा आणि हँडलच्या कडा तळहाताला कुठे लागतात ते पाहा.