कॉलेज आइस हॉकीचं रेफरिंग: ५ पैकी अडीच स्टार

मिनेसोटात आमचं कॉलेज हॉकीचं सीझन तिकीट सहा हिवाळे चालू आहे, मी आणि माझी लेक, ती स्वतः गोलकीपर आहे त्यामुळे मॅच माझ्यापेक्षा तिलाच जास्त दिसते. खेळाला आणि बँडला पाचपैकी पाच, त्यावर वेगळं काही लिहीत नाही. हा रिव्ह्यू फक्त रेफरिंगचा.

आधीच सांगतो, माझी तक्रार चुकांबद्दल नाहीये. पक (रबराची चकती) ताशी शंभर किलोमीटरच्या वर जातो, दहा माणसं बर्फावर सुसाट पळतायत, त्यात दंडावर केशरी पट्टी बांधलेले दोन रेफरी आणि दोन लाइन्समन, काहीतरी सुटणारच. लाइन्समनला तर मी साडेचार देईन, ऑफसाइड आणि आयसिंग हे रेषांचे निर्णय बहुतेक वेळा बरोबरच असतात. तक्रार आहे ती माप बदलण्याबद्दल.

या सीझनची एक शुक्रवारची मॅच सांगतो. मॅचचे तीन पिरियड असतात, त्यातल्या पहिल्या पिरियडमध्ये आमच्या पोराची स्टिक समोरच्याच्या हाताला नुसती लागली, हुकिंग (स्टिकने अडकवून अडवणं), दोन मिनिटं बाहेर. ठीक आहे, आज कडक आहेत म्हणायचं आणि पोरांनी स्टिक खाली ठेवायची. आणि तिसऱ्या पिरियडला २-२ असताना आमचा फॉरवर्ड एकटा गोलकडे निघाला होता, मागून कमरेत स्टिक घालून त्याला अक्षरशः ओढला आणि शिट्टीच नाही! रूलबुकमध्ये हुकिंगची व्याख्या घड्याळ बघून बदलत नाही ना, मग पाच मिनिटं उरली की शिट्टी खिशात का जाते? आपल्याकडे टेनिस बॉलच्या मॅचला अंपायरने पहिल्या ओव्हरला जो वाइड दिला तोच शेवटच्या ओव्हरला दिला नाही तर काय होतं ते सगळ्यांना माहितीये.

दुसऱ्या दिवशी शनिवारी परत त्याच दोन टीम, तेच रेफरी. पोरं शुक्रवारचं बघून जरा मोकळी खेळायला लागली तर पहिल्या दहा मिनिटांत चार पेनल्ट्या. पॉवर प्ले म्हणजे समोरचा खेळाडू पेनल्टीवर बाहेर असतानाचा खेळ, आणि साधारण पाच पॉवर प्लेमध्ये एक गोल होतो, म्हणजे हा हिशोब किरकोळ नाही, एखादा जास्तीचा पॉवर प्ले मॅच फिरवू शकतो.

आणि ती बरोबरी करायची सवय. एका टीमला लागोपाठ तीन पेनल्ट्या झाल्या की लेक माझ्या कानात म्हणते, ‘बाबा, आता त्यांचा नंबर,’ आणि बऱ्याचदा खरंच तसंच होतं. चौदा वर्षांच्या पोरीला जर हे आधी कळत असेल तर बेंचवरच्या कोचला कळत नसेल का? मायनर, म्हणजे दोन मिनिटांच्या, पेनल्ट्यांना माझ्याकडून दोन.

गोलकीपरला अडवण्याचा प्रकार तर त्याहून वाईट, इथे दीड. क्रीजमध्ये (गोलपुढच्या गोलकीपरच्या जागेत) अंगावर माणूस आला आणि गोलीला हलता आलं नाही तर गोल रद्द, हे ऐकायला सोपं आहे, पण एका आठवड्यात नुसत्या धक्क्याने गोल रद्द होतो आणि पुढच्या आठवड्यात गोली आडवा पडलेला असताना गोल देतात. कोच चॅलेंज घेतो, सगळे थंडीत ताटकळत बसतात, आणि शेवटी ‘निर्णय कायम’ एवढंच. का कायम ते नाही सांगत. माझ्या मुलीला पुढच्या प्रॅक्टिसला नेमकं काय शिकायचं ते कळायला नको?

आता चांगलं तेही सांगतो. डोक्याला लागलं किंवा मागून बोर्डवर (कडेच्या भिंतीवर) आपटलं तर व्हिडिओ बघतात, आणि मेजर, म्हणजे मोठी पेनल्टी, दिली तर पूर्ण पाच मिनिटं, मध्ये कितीही गोल झाले तरी सुटका नाही. हाणामारी केली तर मॅचमधून बाहेर आणि पुढचीही मॅच गेली. हा नियम सगळ्यांना पक्का माहितीये, ऑक्टोबरमध्ये जसा तसाच मार्चमध्ये, म्हणून कॉलेजमध्ये मारामाऱ्या जवळजवळ दिसतच नाहीत. म्हणजे रेषा पक्की आखली की पोरं पाळतात, मग हुकिंगलाच का जमू नये? याला चार.

रेफरींची बाजूही आहे. बरेच जण आठवडाभर दुसरी नोकरी करतात आणि शुक्रवारी बर्फातून गाडी चालवत येतात, त्यांच्यावर ओरडणाऱ्यांचा मला खरंच राग येतो. मूळ अडचण रचनेत आहे. पुरुषांच्या डिव्हिजन वनमध्ये, म्हणजे कॉलेज हॉकीच्या सगळ्यात वरच्या पातळीवर, सहा कॉन्फरन्स (टीमचे गट) आहेत आणि प्रत्येकीची सवय वेगळी, आणि मार्चमध्ये १६ टीमच्या स्पर्धेत, जिथे एक हरलात की घरी, दोन वेगळ्या कॉन्फरन्सच्या टीमपुढे तिसरीकडचे रेफरी उभे राहतात. तिथल्या टीम निवडताना जी रँकिंग बघतात (२०२५ पर्यंत पेअरवाइज, आता एनपीआय) तिच्यात ऑक्टोबरची मॅचही फेब्रुवारीइतकीच धरतात, त्यामुळे शरद ऋतूतली एक सुटलेली पेनल्टी वसंतात नडू शकते.

एनबीए २०१५ पासून अटीतटीच्या मॅचच्या शेवटच्या दोन मिनिटांतले निर्णय तपासून चूक की बरोबर ते जाहीर करते. इथेही तेवढं करा, तिसऱ्या पिरियडच्या शेवटच्या पाच मिनिटांचं करा, मी लगेच एक स्टार वाढवीन.

पहिल्यांदा जाणार असाल तर काचेजवळची सीट घेऊ नका, तिथून स्टिक दिसत नाही. मधल्या रेषेच्या वर, दहाव्या-बाराव्या रांगेत बसा आणि पहिल्या पिरियडला कशाकशाची शिट्टी वाजते ते लक्षात ठेवा, तिसऱ्याला ताडून बघा. आम्ही पुढच्या सीझनचीही तिकिटं घेतलीयेत, तीच रांग.