फुटक्या कंपोस्ट ड्रमची ‘वेल्डिंग’, मग ‘एक्स्चेंज’: बेळगावकरांनो, पैसे देण्याआधी हे तपासा

शहापूरमधल्या एका घरचा हा प्रकार आहे. परसात ओल्या कचऱ्याचा ‘१०० लिटर’चा प्लास्टिकचा ड्रम. तोटीच्या भोकापासून वर वीतभर चीर गेलेली आणि तिच्यातून काळं पाणी गळत होतं. ‘टाकी, ड्रम, बादली वेल्डिंग’ असं ओरडत दारावर आलेल्या माणसाने ६०० रुपये घेऊन दहा मिनिटांत चीर बुजवली आणि वरून दोन बादल्या पाणी ओतून दाखवलं. ‘बघा वैनी, एक थेंब तरी गळायलाय का? दगड झालाय दगड.’ पाणी खरंच गळत नव्हतं. ड्रम कचऱ्याने भरत आला तशी चीर होती तिथेच पुन्हा उघडली.

फोन केल्यावर तोच माणूस आला. तुमचं प्लास्टिकच जुनं झालंय, जुना ड्रम मला द्या, वर १,८०० रुपये घाला, ‘व्हर्जिन (म्हणजे कोऱ्या, पुन्हा न वितळवलेल्या प्लास्टिकचा), आयएसआय’ ड्रम देतो, पाच वर्षांची गॅरंटी. उन्हाळ्यात नवा ड्रम काठाला तडकला. आता फोन लागत नाही आणि हातात बिल नाही. फसवणूक दोनदा झाली आणि पहिल्या फसवणुकीनेच दुसरीची वाट करून दिली. म्हणून दोन्ही नीट समजून घेणं गरजेचं आहे.

आधी ती ‘वेल्डिंग’. चिरेवर बसवलेलं ठिगळ नखाने उचकटलं तर अख्खं एका तुकड्यात निघून आलं. त्याची मागची बाजू काचेसारखी गुळगुळीत होती, ड्रमच्या प्लास्टिकचा कण त्याला चिकटलेला नव्हता. ती वेल्डिंग नव्हतीच, दोन भाग मळून लावतात ती इपॉक्सी लांबी (पुट्टी) होती, वर काळा रंग मारलेला. कंपोस्टचे ड्रम बहुतेक एचडीपीई किंवा पीपी या प्लास्टिकचे असतात आणि या दोन्हींचा पृष्ठभाग मेणचट असतो. इपॉक्सी, झटपट चिकटणारा गोंद, पीव्हीसी पाइपचं सोल्युशन, यांतलं काहीही त्यावर धरत नाही. कोरड्या, रिकाम्या ड्रमवर ते नुसतं अडकून बसतं, म्हणून पाण्याची परीक्षा पास होते. ओला कचरा भरला की तीस-चाळीस किलोंच्या भाराने भिंत बाहेर फुगते, आतली कुजण्याची ऊब आणि बाहेरचं ऊन यांनी प्लास्टिक पसरतं-आकसतं. कडक लांबी त्याच्याबरोबर हलत नाही आणि सुटते. त्यामुळे कुणी लांबी किंवा गोंद काढला की काम तिथेच थांबवा. ‘परदेशी गोंद’ म्हटला तरी थांबवा.

खरी वेल्डिंग म्हणजे त्याच जातीचं प्लास्टिक वितळवून चिरेत भरणं. ड्रमच्या बुडाला त्रिकोणात आकडा असतो: २ म्हणजे एचडीपीई, ५ म्हणजे पीपी. दोनला दोनचीच पट्टी लागते, दोनवर पाच बसत नाही. तेलाचा कॅन बहुधा २ नंबरचा असतो. आकडा बघून त्यातूनच बोटाच्या निम्म्या रुंदीच्या पट्ट्या कापता येतात. चिरेच्या टोकाला ३ ते ४ मिलिमीटरचं भोक पाडणं ही पहिली पायरी, आणि नेमकी हीच सगळे गाळतात. भोक नसेल तर वेल्डिंग कितीही चांगली झाली तरी चीर पुढे सरकते. दिसणाऱ्या टोकाच्या किंचित पुढे भोक घ्या, कारण खरी चीर डोळ्याला दिसते त्याहून लांब असते. मग चीर ब्लेडने इंग्रजी ‘व्ही’सारखी, जाडीच्या निम्म्याहून थोडी जास्त खोल कोरायची. दोन्ही बाजूंचा एकेक सेंटिमीटर पट्टा खरवडून आतलं तुकतुकीत प्लास्टिक उघडं करायचं, साबणाने धुऊन पूर्ण वाळवायचं. ओल राहिली तर बुडबुडे येतात.

हॉट एअर गनचं (गरम हवा फेकणाऱ्या यंत्राचं) तोंड अरुंद हवं आणि तापमान साधारण २७० ते ३०० अंश. पट्टी आणि चीर दोन्ही ओल्यासारखी चमकायला लागली की दाबून भरत जायचं. नुसती पट्टी वितळली आणि ड्रम गारच राहिला तर पुन्हा लांबीचीच गत होते. चपट्या टोकाच्या सोल्डरिंग आयर्ननेही जमतं, फक्त प्लास्टिक करपून तपकिरी होऊ द्यायचं नाही. शक्य असेल तिथे आतून आणि बाहेरून, दोन्हीकडून. हे सगळं उघड्यावर करायचं. वीतभर चिरेला सगळं धरून अर्धा-पाऊण तास जातोच. गार झाल्यावर पट्टीचं मोकळं टोक पकडीने ओढून बघा: काम बरोबर असेल तर ती फाटेल, सोलून निघणार नाही. पाणी ओतण्यापेक्षा ही परीक्षा खरी. कारागिराला आधीच सांगा की ओढून बघितल्याशिवाय पैसे मिळणार नाहीत. ज्याला काम येतं तो याला नाही म्हणत नाही.

गन नसेल तर जुन्या प्लास्टिकच्या डब्याचा जाड तुकडा आतून लावून, मध्ये सायकलच्या ट्यूबचं रबर घालून, स्टीलचे ४ मिलिमीटरचे नट-बोल्ट मोठ्या वॉशरसकट चार-चार सेंटिमीटरवर बसवले तरी ड्रम चांगला चालतो. पत्र्याचा तुकडा नको, खताच्या आंबट पाण्याने तो गंजतो.

चीर तोटीपासूनच का सुरू झाली, हे दुरुस्तीवाल्याने विचारलंच नाही. खिळा तापवून किंवा कात्रीने पाडलेल्या भोकाची कड खडबडीत राहते आणि त्यावर नट पान्याने आवळला की तिथून ड्रम फाटतो. अर्ध्या इंची तोटीला २१ ते २२ मिलिमीटरचं गोल, घासून गुळगुळीत केलेलं भोक पाडा. रबर वॉशर आत-बाहेर दोन्हीकडे घाला आणि नट हाताने घट्ट करून वर पाव फेराच द्या. गळती राहिली तर वॉशर बदला, नट आवळू नका.

ड्रमच्या उन्हाच्या बाजूवर तळवा घासून बघा. हाताला पांढुरकी भुकटी लागली आणि जवळून पाहिल्यावर कोळिष्टकासारख्या बारीक चिरा दिसल्या, तर प्लास्टिक उन्हाने मेलेलं आहे. तिथली वेल्डिंग तिच्या शेजारूनच फाटते. असा ड्रम बदलायचाच, पण तो दारावर आलेल्या माणसाला ‘वर पैसे घालून’ देऊ नका. भंगारवाला तो वजनावर घेतो.

आता बदल्यात आलेला ड्रम. टेपने मोजला तर व्यास ३८ सेंटिमीटर, उंची ५५. व्यास गुणिले व्यास गुणिले उंची, त्याला ०.७८५ ने गुणलं आणि हजाराने भागलं की लिटर येतात: ६२. वर लिहिलेलं १००. टेप खिशात असेल तर दुकानातच हा हिशोब दोन मिनिटांत होतो. तोटीच्या भोकात भिंतीची जाडी उघडी दिसते, ती जेमतेम दीड मिलिमीटर होती. आमच्या मते या आकाराच्या ड्रमला तीनच्या खाली जाऊ नये.

काठाखालून नखाएवढा तुकडा खरवडून ग्लासभर पाण्यात टाका, साबणाचा थेंब घाला आणि तुकडा एकदा बोटाने पूर्ण बुडवून सोडा. एचडीपीई आणि पीपी पाण्याहून हलके असल्यामुळे वर येतात. या ड्रमचा तुकडा तळाला गेला. म्हणजे त्यात चुन्याच्या भुकटीसारखी स्वस्त भर भरपूर होती, किंवा ते प्लास्टिकच वेगळं होतं. काठ हाताने वाकवला की पांढरी रेघ उमटायची, तीही बऱ्याचदा अशा भरीची खूण असते. मात्र एक लक्षात ठेवा: तुकडा तरंगला म्हणजे माल ‘व्हर्जिन’ ठरत नाही. पुन्हा वितळवलेलं एचडीपीईसुद्धा तरंगतं. त्याला कापलेल्या कडेवर वेगळ्या रंगाचे ठिपके आणि तेलकट किंवा साबणासारखा वास बऱ्याचदा असतो. काळा रंग मात्र वाईट समजू नका. चांगल्या प्रतीचा कार्बन ब्लॅक (काजळीसारखी काळी भुकटी) प्लास्टिकला उन्हापासून वाचवतो.

‘आयएसआय’च्या स्टिकरवर आयएस १२७०१ असं छापलं होतं. तो क्रमांक पाणी साठवायच्या पॉलिइथिलीन टाक्यांचा आहे, खताच्या ड्रमचा त्याच्याशी संबंध नाही. खऱ्या खुणेबरोबर सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो आणि तो बीआयएस (सरकारी मानक संस्था) केअर अॅपवर घालून लगेच तपासता येतो.

कारखान्यांतून भंगारात आलेले निळे ड्रम कापून, लेबल खरवडून, झाकण बसवून ‘कंपोस्ट ड्रम’ म्हणून खपवले जातात, तेही ओळखा. प्लास्टिक जाड आणि चांगलं असतं, म्हणूनच माणूस भुलतो. पण आत आधी रसायन असेल तर ते एचडीपीईत मुरतं, धुऊन जात नाही, आणि तेच खत उद्या घरच्या मेथी-कोथिंबिरीला पडतं. आधी काय भरलेलं होतं हे लेखी मिळत नसेल, तर फुकट दिला तरी घेऊ नका.

बिलाचं आपल्या सीमाभागात नीट समजून घ्या, कारण माल कोल्हापूरहून येतो, विकणारा चिकोडीचा असतो आणि पत्ता भलताच असतो. जीएसटी क्रमांक १५ अंकी-अक्षरी असतो. पहिले दोन आकडे राज्याचे: कर्नाटक २९, महाराष्ट्र २७. जीएसटीच्या पोर्टलवर क्रमांक घातला की नाव दिसतं, ते बिलावरच्या नावाशी जुळतं का बघा. लहान दुकानदाराकडे नोंदणी नसू शकते आणि त्यात गैर काही नाही, पण मग त्याने बिलात जीएसटी लावता कामा नये. नाव, पत्ता, तारीख, ‘एचडीपीई, अमुक लिटर, अमुक वर्षे गॅरंटी’ हे साध्या पावतीवरही लिहून घ्या. शिक्का किंवा अटी कन्नडमध्ये असतील आणि वाचता येत नसतील, तर पैसे देण्याआधी कुणाकडून तरी वाचून घ्या.

‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ हा शिक्का असला तरी घाबरू नका. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे सदोष माल बिलात लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलीच नसेल तर ३० दिवसांत, परत घेऊन पैसे द्यायला नकार देणं ही अनुचित व्यापार प्रथा आहे. बिल न देणं हीसुद्धा. विकणारा कोल्हापूरचा असला तरी तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात करता येते, मुदत दोन वर्षं, आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा. पैसे यूपीआयने दिले असतील तर तो व्यवहार क्रमांक, ड्रमचे फोटो, टेप लावून काढलेला एक फोटो आणि पाण्यात बुडालेला तो तुकडा जपून ठेवा. ‘पैसे परत पाठवतो, पिन टाका’ असा फोन आला तर पिन टाकू नका. पैसे यायला पिन कधीच लागत नाही. पिन टाकून पैसे गेलेच, तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर कळवा.